'स्टॅचुएस्क' बाई म्हणजे नेमकी कशी बाई?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई एक इंग्रजी कादंबरी वाचत होत्या. त्यात एका पात्राचं वर्णन 'स्टॅचुएस्क' या एका शब्दात उरकलेलं होतं. कोशात पाहिलं तर 'पुतळ्यासारखा, भव्य' एवढंच. आता हे कौतुक म्हणायचं की टोमणा? पुरुषाला चालतं का? इमारतीला? आणि खरा प्रश्न शेवटी: ऑफिसातल्या विभागप्रमुख बाई निवृत्त होत आहेत, उंच आहेत, रुबाबदार आहेत, तर निरोपाच्या इंग्रजी भाषणात त्यांना हा शब्द वापरू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नका वापरू. का ते ओघात येईलच.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या शब्दाशी माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी सपशेल आपटले होते. मूळ वाक्य साधंच होतं: करड्या पोशाखातली एक स्टॅचुएस्क स्त्री जिना उतरून खाली आली. मी कोश उघडला आणि लिहिलं, 'करड्या पोशाखातली एक पुतळ्यासारखी बाई जिना उतरून खाली आली.' संपादकांनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहून पाठवलं: 'पुतळा जिना उतरतो?'

मला तेव्हा राग आला होता, पण चूक माझीच होती. मराठीत 'पुतळ्यासारखा' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो जागच्या जागी थिजलेला माणूस. 'अरे, पुतळ्यासारखा उभा काय राहिलास, हात लाव की जरा!' या वाक्यात सौंदर्याचा मागमूस नाही. लहान मुलं खेळताना 'स्टॅच्यू!' असं ओरडतात आणि समोरचा जिथल्या तिथे गोठतो, तोच अर्थ. 'गुणांचा पुतळा' म्हणतो तेव्हा कौतुक असतं, पण ते गुणांचं, अंगकाठीचं नव्हे. थोडक्यात, मराठी पुतळा हलत नाही, बोलत नाही आणि कामाला येत नाही. इंग्रजी विशेषणातला पुतळा वेगळा आहे. तो चौथऱ्यावर उभा आहे आणि लोक मान वर करून त्याच्याकडे बघताहेत. शब्दाचा सगळा अर्थ त्या मान वर करण्यात आहे.

शब्दाची घडण बघू, म्हणजे हे नीट कळेल. 'स्टॅच्यू' हा शब्द लॅटिन 'स्टॅचुआ'वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी उभं करणं, स्थापन करणं या अर्थाचं क्रियापद आहे आणि त्याच्याही खाली 'स्टारे', म्हणजे उभं राहणं. हा धातू आपल्याला परका नाही. संस्कृतातल्या 'स्था'चा तो सख्खा भाऊ. स्थान, स्थिर, स्थापना हे आपल्याकडचे, तर स्टेशन, स्टेटस, स्टेचर, स्टेटली हे तिकडचे. सगळं एकाच घराण्यातलं. मला यात सर्वात आवडते ती आपल्या 'प्रतिष्ठा' या शब्दाची गंमत. मूर्तीची आपण प्रतिष्ठापना करतो, आणि समाजात माणसाला असते तीही प्रतिष्ठाच. उभी केलेली मूर्ती आणि माणसाचा मान, दोन्ही एकाच धातूतून. इंग्रजीतही 'स्टॅच्यू' आणि 'स्टेटस' असेच शेजारी बसले आहेत. 'स्टॅचुएस्क' या शब्दात पुतळ्याबरोबर ही प्रतिष्ठाही आली आहे. कोशातल्या 'पुतळ्यासारखा'मधून नेमकी तीच गळून पडते.

शेपटाचं 'एस्क' हेही मजेशीर प्रकरण. इटालियन 'एस्को'वरून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत. अर्थ 'त्या धाटणीचा, त्या शैलीतला'. पिक्चरेस्क म्हणजे चित्रात शोभेल असं. अरबेस्क म्हणजे अरबी धाटणीची वेलबुट्टी. काफ्काएस्क म्हणजे काफ्का या लेखकाच्या गोष्टीत घडावं तसं, विचित्र आणि घुसमटवणारं. इंग्रजीतला अगदी घरगुती 'इश', म्हणजे चाइल्डिशमधला, तोही याच कुळातला आहे. पण 'इश' चिकटला की बहुतेकदा किंचित कमीपणा येतो आणि 'एस्क' चिकटला की कलादालनाचा वास येतो. म्हणूनच पुतळ्याला 'इश' जोडून हा अर्थ मिळाला नसता.

उच्चार सांगून टाकते, कारण 'स्टॅच्युएस्क्यू' असा उच्चार मी चांगल्या चांगल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. शेवटचा 'क्यू' नाही, नुसता 'क'. स्टॅ-चु-एस्क, तीन तुकडे, आणि जोर शेवटच्या 'एस्क'वर. स्पेलिंगमध्ये 'स्टॅच्यू'चा शेवटचा 'ई' पुन्हा वेगळा लिहायचा नसतो, 'एस्क'चा 'ई' तेवढा पुरतो. आणि मध्ये चुकून 'टी' घुसला तर 'स्टॅच्यूट' होतं, म्हणजे कायदा. एका विद्यार्थिनीच्या निबंधात नायिका अशी कलमासारखी प्रकटली होती. गुण कापले, पण हसूही आलं.

आता हा शब्द इंग्रजीत आला केव्हा, ते पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तो 'पिक्चरेस्क'च्या वळणावर घडवला गेला आणि त्या काळात युरोपला ग्रीक संगमरवराचं वेड लागलेलं होतं. जर्मन अभ्यासक विंकेलमान यानं 1755 साली ग्रीक शिल्पांचं वर्णन 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता' असं करून ठेवलं होतं. 1808 साली व्हिएन्नातल्या व्याख्यानांत जर्मन समीक्षक श्लेगेलनं मांडलं की प्राचीन कलेचा पिंड शिल्पाचा आणि आधुनिक कलेचा चित्राचा. 1816 मध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून काढून आणलेली शिल्पं ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेतली गेली. 1820 मध्ये ग्रीसच्या मिलोस बेटावर व्हीनस देवीची ती प्रसिद्ध बिनहाताची मूर्ती सापडली आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पोहोचली. लंडन-पॅरिसच्या सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांत तेव्हा पुतळा म्हटलं की हेच होतं: उंच, प्रमाणबद्ध, निर्विकार आणि पांढराशुभ्र. (पांढरेपणाचा भाग गैरसमजाचा. ग्रीक मूर्ती मुळात रंगवलेल्या असत, रंग काळाच्या ओघात उडाले. पण शब्द घडला तो उडालेल्या रंगावर.)

एका आकड्याकडे लक्ष द्या. मिलोसची व्हीनस दोन मीटरहून थोडी उंच आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड, 1504 मध्ये पूर्ण झालेला, पाच मीटरहून अधिक. त्यात खाली चौथरा. अशा पुतळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस नेहमीच बुटका असतो. म्हणून 'स्टॅचुएस्क' शब्दात उंची गृहीत आहे. इंग्रजी कोशही, विशेषतः स्त्रीच्या वर्णनात, उंची आणि भारदस्त डौल एकत्र सांगतात. चार फूट दहा इंचांची स्त्री कितीही रेखीव असली तरी तिला हा शब्द लागत नाही. तिच्यासाठी इंग्रजीत 'पेटीट' आहे. आणि पुतळ्याचंच लहान रूप हवं तर 'स्टॅच्युएट', म्हणजे टेबलावर ठेवण्याजोगी मूर्ती. ऑस्करचं बक्षीस ही स्टॅच्युएट आहे, साडेतेरा इंचांची. तिला घडण आहे, तोल आहे, चेहऱ्यावर भावही नाही, पण 'स्टॅचुएस्क' म्हणाल तर लोक हसतील.

तेव्हा या शब्दात तीन गोष्टी एकत्र आहेत. उंची झाली. दुसरी प्रमाणबद्धता: खांदे, मान, कंबर यांचा एकमेकांशी जमलेला हिशेब. नुसती उंच मुलगी 'लँकी' असू शकते, म्हणजे आपली ताडमाड किंवा काटकुळी. ती स्टॅचुएस्क नव्हे. तिसरी गोष्ट मात्र वाचक हमखास विसरतात आणि माझ्या मते शब्दाचा जीव तिच्यात आहे: स्थिरपणा. थिजलेपण नव्हे, संथपणा. ही व्यक्ती घाई करत नाही, हातवारे करत नाही, उगाच हसत नाही. ती खोलीत येते तेव्हा खोली तिच्याकडे वळते, ती खोलीकडे वळत नाही. म्हणून 'स्टॅचुएस्क' स्त्री बस पकडायला धावताना दाखवली की वाक्य लंगडतं. लेखकाला विनोद हवा असेल तरच तसं करावं.

कधीकधी तर उंचीही बाजूला पडते आणि नुसता स्थिरपणाच उरतो. चेहरा स्टॅचुएस्क राहिला, असं इंग्रजीत म्हटलं तर त्याचा अर्थ चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पाण्यात एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याला हा शब्द चपखल बसतो. इथे भाषांतर करताना सावध राहा, कारण मराठीत बगळ्याला 'ध्यानस्थ' म्हटलं की लगेच ढोंगाचा वास येतो, आणि मूळ वाक्यात ढोंग नसतं. मी अशा जागी 'निश्चल' लिहून सुटते.

माणसांखेरीज आणखी कुठे? बागकामावर लिहिणाऱ्यांना हा शब्द फार प्रिय. डेल्फिनियम, हॉलीहॉक अशी सरळसोट वर जाणारी, बाकीच्या रोपांच्या डोक्यावरून दिसणारी झाडं त्यांच्या लेखी स्टॅचुएस्क असतात. वाळवंटातला साग्वारो निवडुंगही. ग्रेट डेन जातीचा कुत्रा, उभा घोडा, जिराफ यांनाही चालतं. इमारतीला सहसा नाही. इमारत स्वतःच बांधलेली वस्तू आहे, तिला पुतळ्याची उपमा देऊन हाती काही लागत नाही. तिच्यासाठी 'स्टेटली' किंवा 'इम्पोझिंग' घ्या.

हे शेजारी एकदा ओळखून घ्यावेत, कारण मराठीत आपण सगळ्यांना 'भव्य' किंवा 'भारदस्त' करून मोकळे होतो. 'स्टेटली'मध्ये हालचाल चालते: मिरवणूक, जहाज, चाल, जुना वाडा. शेवटी 'ली' असला तरी ते विशेषणच आहे, क्रियाविशेषण नव्हे. परीक्षेत इथे बरेच जण घसरतात. 'मॅजेस्टिक' निसर्गाला अधिक शोभतं: पर्वत, गरुड. 'रीगल'मध्ये राजा बसला आहे, अगदी शब्दशः, लॅटिन 'रेक्स' आणि आपला 'राजन्' एकाच मुळाचे. तिथे उंची लागत नाही. ठेंगण्या आजीबाईसुद्धा रीगल असू शकतात. 'इम्पोझिंग'मध्ये थोडी धास्ती आहे, समोरच्याला दडपण येतं. 'स्टॅचुएस्क' व्यक्तीचं दडपण येईलच असं नाही, फक्त अंतर राहतं. मूर्तीला कुणी खांद्यावर हात टाकून 'काय म्हणतेस' म्हणत नाही.

'जुनोएस्क' हा त्याचा सर्वात जवळचा नातेवाईक. रोमन देवराज जुपिटरची बायको जुनो, तिच्यासारखी: उंच, भरल्या अंगाची, तोऱ्याची. आजच्या लिखाणात क्वचित दिसतो, पण जुन्या कादंबऱ्यांत भेटेल.

आता कौतुक की टोमणा. मूळचं कौतुकच. पण इंग्रजीत अंगकाठीची विशेषणं एका जागी राहत नाहीत. 'पोर्टली' घ्या. एके काळी त्याचा अर्थ होता भारदस्त चालीचा, रुबाबदार. आज पोर्टली गृहस्थ म्हणजे पोट सुटलेले गृहस्थ. 'बक्सम' तर मूळचा 'आज्ञाधारक' होता, आज तो कुठे पोहोचला ते कोशात बघा. 'स्टॅचुएस्क' इतका घसरलेला नाही. तरी गुळगुळीत मासिकांमध्ये, ज्या स्त्रीला लेखकाला 'थोराड' किंवा 'आडव्या बांध्याची' म्हणायचं असतं पण म्हणवत नाही, तिथे तो सभ्यपणाची शाल म्हणून वापरला गेलेला दिसतो. आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' म्हणतात ना, तसाच. कुठे तो खरा आहे आणि कुठे शाल आहे, हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागतं. पुढच्या ओळीत तिची मान, तिचं उभं राहणं, तिचं गप्प बसणं आलं तर कौतुक खरं. पुढच्या ओळीत खुर्ची करकरली तर समजून जा.

पुरुषांना? व्याकरणाची आडकाठी नाही, पण वापर जवळपास एकतर्फी आहे. पुरुषाच्या जबड्याला 'चिझल्ड' म्हणतील, म्हणजे छिन्नीनं घडवलेला. अंगापिंडानं मजबूत असेल तर 'स्ट्रॅपिंग', दरारा असेल तर 'इम्पोझिंग'. गंमत बघा, पुरुषाच्या वाट्याला शिल्पकाराचं हत्यार येतं आणि स्त्रीच्या वाट्याला तयार पुतळा. पुरुष नर्तकाच्या एखाद्या स्तब्ध मुद्रेला मात्र स्टॅचुएस्क बेलाशक म्हणा. तिथे विशेषण मुद्रेचं आहे. आणि 'स्टॅचुएस्क ब्लाँड' ही जोडगोळी इतकी झिजली आहे की स्वतःच्या लिखाणात ती वापरूच नये.

तर पुन्हा माझ्या जिन्याकडे. पेन्सिलीची ती खूण आल्यावर मी एकेक शब्द लावून पाहिला. 'भारदस्त बाई' लिहिलं, तर ती पन्नाशीची झाली आणि वजनानंही वाढली. मूळ पात्र तिशीचं होतं. 'धिप्पाड' लिहायची तर सोयच नव्हती, ती सरळ आखाड्यात गेली असती. 'रेखीव' म्हटलं तर नजर नाकाडोळ्यांवर जाते, उंची निसटते. 'डौलदार'मध्ये हालचाल आहे, पण किंचित लचकही आहे, आणि ही बाई लचकणारी नव्हती. 'राजस' गोड आहे, पण सुकुमार. 'करारी' स्वभावाला झालं. 'शिल्पवत' हा शब्द मी कागदावर लिहून लगेच खोडला. तो फक्त परीक्षणात जिवंत राहतो. 'मूर्तिमंत' तर भलतंच, ते नेहमी कशाचं तरी मूर्तिमंत असावं लागतं: मूर्तिमंत सौजन्य, मूर्तिमंत आळस.

मग लक्षात आलं की एका विशेषणाला एकच विशेषण शोधण्यात चूक होतेय. इंग्रजी शब्दात तीन गोष्टी एकत्र कोंबलेल्या आहेत, मराठीत त्या वाक्यभर वाटून द्याव्या लागतात. उंची आणि बांधा नामाजवळ, स्थिरपणा क्रियापदाजवळ. शेवटी वाक्य असं छापलं गेलं: 'करड्या पोशाखातली एक उंचपुरी, रेखीव बांध्याची स्त्री संथ पावलांनी जिना उतरून खाली आली.' 'बाई'ची 'स्त्री' झाली तीही त्याच हिशेबानं. थोडं अंतर राहिलं. 'संथ पावलांनी' मूळ इंग्रजीत कुठेच नाही, असा आक्षेप कुणी घेऊ शकेल. माझ्या मते ते आहे, विशेषणाच्या पोटात आहे.

तुमच्या कादंबरीतलं वाक्य तुम्ही पाठवलेलं नाही, त्यामुळे त्याचं भाषांतर देता येत नाही. पण युक्ती तीच: त्या प्रसंगात तीनपैकी कशावर भर आहे ते आधी बघा. गर्दीत ती उठून दिसते असा प्रसंग असेल तर उंची महत्त्वाची. कुणी तिच्यावर ओरडतंय आणि ती ऐकून घेतेय असा असेल तर स्थिरपणा, आणि मग 'ती तशीच ताठ, शांत उभी होती' एवढं पुरे. उंचीचा उल्लेख गेला तरी बिघडत नाही.

तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहिणार असाल तर एवढंच: याला 'एर', 'एस्ट' लागत नाही, 'मोअर' लावा. नाम आणि क्रियाविशेषण कोशात आहेत, पण जिभेवर अडखळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

राहिलं निरोपाचं भाषण. 'स्टॅचुएस्क' हा शब्द लांबून बघणाऱ्याचा आहे. तो व्यक्तीच्या देहाबद्दल बोलतो आणि तिच्या पाठीमागे बोलतो: कादंबरीत निवेदक म्हणतो, मासिकात लेखक म्हणतो. समोर बसलेल्या वरिष्ठ बाईंना माईकवरून तो म्हणणं म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्या बांध्याची तारीफ करणं. हेतू कितीही चांगला असो, टाळ्यांच्या आधी सभागृहात क्षणभर शांतता पसरेल, आणि ती चांगली नसेल. तुम्हाला जे म्हणायचंय ते बहुधा असं आहे की त्या बैठकीत आल्या की गडबड थांबायची. त्यासाठी इंग्रजीत 'डिग्निफाइड' आहे, 'पॉइज्ड' आहे, 'प्रेझेन्स' आहे. 'कमांडिंग प्रेझेन्स'ही चालेल, पण त्यात हुकमतीची छटा आहे. बाई कडक असतील तरच घ्या. याहून बरं म्हणजे विशेषण सोडूनच द्या आणि एखादी घडलेली बैठक सांगा: कोण किती वाजता कशावरून भांडत होतं, बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि काय म्हणाल्या.